एका वेळचं जेवण

मावशी दिवसातून एकदाच जेवत. पहाटे उठायचं, अंघोळ, देवापुढे दिवा, मग माळ, मग केरवारा, आणि सूर्य डोक्यावर आला की ताट वाढून घ्यायचं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य पुन्हा डोक्यावर येईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आई गेली त्या वर्षी धरलेला हा नेम त्यांनी नोकरीत सांभाळला, निवृत्तीनंतर सांभाळला, अंगात ताप असतानाही मोडला नाही. कोणी कौतुक करायला लागलं की त्या म्हणत, "अहो, त्यात कसलं पुण्य? भांडी एकदाच घासावी लागतात."

वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. ती बँकेत, तो कसल्याशा कंपनीत. मावशी तिला 'पोरी' म्हणत आणि त्याला गमतीने 'जावईबापू'. जावईबापूंना ते फारसं रुचत नसे, पण ते ओठ दाबून हसत. त्या दोघांना मूल नव्हतं. त्यांच्याकडे भाऊसाहेब होते. भाऊसाहेब म्हणजे कुत्रा. उंचापुरा, छाती खोल, कंबर बारीक, तोंडावर पांढरे केस आलेले, आणि चाल अशी की निवृत्त हेडमास्तर शाळेची तपासणी करायला निघालेत. त्यांना अरेतुरे करायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून नावच तसं पडलं.

ती दोघं परदेशात त्याच्या बहिणीकडे जायला निघाली तेव्हा भाऊसाहेबांना मावशींच्या स्वाधीन करून गेली. बरोबर अंथरूण, वाडगा, पट्टा आणि सूचना. "सकाळी थोडं, दुपारी थोडं, संध्याकाळी थोडं हं मावशी. एकदम पोटभर नाही द्यायचं. आणि खाल्ल्यावर पळापळ नको." मावशी म्हणाल्या, "अगं, मी काय कुत्री पाहिली नाहीत का?" तशी त्यांनी पाळली एकही नव्हती.

सुरुवातीला सगळं सांगितल्याबरहुकूम चाललं. भाऊसाहेब सकाळी खायचे आणि मावशी उभ्या राहून बघायच्या. संध्याकाळीही तेच. दुपारी मात्र मावशी पाटावर बसायच्या तोवर भाऊसाहेबांच्या वाडग्यातलं ते चिमूटभर संपलेलं असायचं, आणि ते समोर बसून मावशींच्या प्रत्येक घासाकडे डोळे लावायचे. घास वर गेला की त्यांची मान वर, खाली आला की मान खाली. मावशींच्या घशाखाली अन्न उतरेना. एकाने जेवायचं आणि दुसऱ्याने बघायचं, याला काय घर म्हणतात? मग त्यांनी तीन वेळचं एकत्र केलं. वाडगा काठोकाठ भरून आपल्या ताटासमोर ठेवला. दोघं बरोबर सुरू करत, बरोबर संपवत. किती वर्षांनी त्यांच्या जेवणात दुसऱ्या कोणाच्या चावण्याचा आवाज आला होता! दोन दिवसांत भाऊसाहेब सकाळी वाडग्याकडे ढुंकूनही बघेनासे झाले. मावशींनी दूधवाल्याला अभिमानाने सांगितलं, "आमच्या भाऊसाहेबांनीसुद्धा नेम धरलाय हो."

दूधवाला म्हणाला, "संगतीचा गुण, दुसरं काय."

शेवटचा दिवस रविवार होता. संध्याकाळी विमान उतरणार, रात्री भाऊसाहेब वर जाणार. मावशींना सकाळपासून कशातच लक्ष लागत नव्हतं. माळ ओढताना दोनदा चुकल्या. शेवटी त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. डोक्यावरून पदर घेऊन, चोरी करायला निघाल्यासारख्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि कोंबडी घेऊन आल्या. स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या टाकून, जुन्या पातेल्यात, मान दुसरीकडे फिरवून त्यांनी ती शिजवली, हाडं काढली, भातात कालवली. "देवा, मी खात नाहीये," त्या पुटपुटल्या, "पाहुणा निघालाय, एवढंच."

भाऊसाहेबांनी वाडगा चाटून चकचकीत केला, आणि वर मावशींनी आपल्या ताटातला भातही त्यांना घातला. मग त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मागच्या अंगणात वाळत घातलेला एक पायमोजा त्यांनी तोंडात धरला आणि म्हातारपण विसरून गोल गोल धावत सुटले. मावशी पायरीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आपण इतक्या मोठ्याने हसतोय हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

भांडी विसळून त्या बाहेर आल्या तर भाऊसाहेब अंगणाच्या मधोमध उभे होते. पायमोजा खाली पडला होता. ते ओठ चाटत होते, मान ताणून ओकाऱ्या काढत होते, आणि बाहेर काहीच पडत नव्हतं. नुसती फेसाळ लाळ, दोरीसारखी लोंबणारी. ते बसायला जात आणि पुन्हा उठत. वळून आपल्याच कुशीकडे बघत, जणू तिथे कोणी बोलावलं होतं.

"जास्त झालं का रे राजा?" मावशींनी पोटावरून हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. पोट टम्म फुगलं होतं, वाजवलं तर वाजेल असं. ओठ उचलून पाहिला तर आतलं गुलाबी मांस धुतलेल्या कपड्यासारखं पांढरं. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, आणि तेच मावशींना सोसवेना.

त्यांनी पोरीला फोन लावला. बंद. जावईबापूंना लावला. बंद. विमानात असणार. मावशींची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. 'नंबर लागत नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा' हे वाक्य त्यांनी शांत, गोड आवाजात किती जणांना ऐकवलं असेल. पलीकडच्या माणसाला ते कसं लागत असेल, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. भाऊसाहेबांच्या नेहमीच्या दवाखान्यात रविवारची सुट्टी. तिथलं यंत्र बोललं, तातडीचं असेल तर पुलापलीकडच्या दवाखान्यात जा.

टॅक्सीवाल्याने काच खाली केली, कुत्रा पाहिला आणि काच वर घ्यायला लागला.

"अरे थांब, थांब! मरतोय तो."

"आजी, सीट खराब होईल."

"आजी कोणाला म्हणतोस? सीट मी धुऊन देईन, तू आधी खाली उतर!"

टॅक्सीवाला उतरला. बहुधा त्याच्या घरीही कोणी असंच ओरडणारं असावं. दोघांनी चादरीची झोळी करून भाऊसाहेबांना मागे घातलं. मावशी खाली, दोन सीटांच्या मधल्या जागेत बसल्या आणि त्यांनी भाऊसाहेबांचं डोकं मांडीवर घेतलं. वाटेत टॅक्सीवाला प्रत्येक गचक्यानंतर आरशात बघून विचारायचा, "आहे ना?"

"आहे, आहे. तू चल."

दवाखाना एका लांबट, बसक्या इमारतीत होता. आत औषधाचा, ओल्या केसांचा आणि भीतीचा वास. टेबलामागच्या बाईंनी मान वर केली.

"पेशंटचं नाव?"

"भाऊसाहेब."

"तुमच्या यजमानांचं नाही हो, कुत्र्याचं."

"कुत्र्याचंच. यजमान नाहीत मला."

बाईंनी ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलं, पण चादरीतला जीव पाहताच ते विरलं. त्यांनी आत हाक मारली, स्ट्रेचर ढकलत दोघं आले, आणि बाई चालता चालताच म्हणाल्या, "मालक तुम्हीच ना? दुसऱ्या कोणाचा असेल तर आधी त्यांची परवानगी लागेल, फोन लावून द्या."

मावशींनी हातातल्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझाच आहे."

आयुष्यात एवढ्या सहज त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर बोलताना ते त्यांना खोटं वाटलंही नाही.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले, बोलणं भरभर. त्यांनी भाऊसाहेबांच्या फुगलेल्या कुशीवर बोटाने टिचकी मारली, कान लावला, केस भादरले आणि एक जाड सुई सरळ आत घातली. सायकलच्या चाकातली हवा सुटावी तसा फुस्स आवाज आला आणि आंबूस वास पसरला. भाऊसाहेबांनी कितीतरी वेळाने पुरता श्वास घेतला. मावशींनी हात जोडले.

"झालं?"

"नाही काकू. हे नुसतं दार किलकिलं केलंय." डॉक्टरीणबाईंनी काढून आणलेला एक्स-रे उजेडात धरला. "पोट स्वतःभोवती फिरलंय. पिशवी भरून तिचं तोंड पिळलं की आतलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जात नाही, तसं. रक्त अडकतं. उघडून सरळ करावं लागेल, आत्ताच्या आत्ता. वय झालंय, टेबलावर जाऊही शकतो. नाही केलं तर मात्र जाणारच, आणि हाल होऊन. मग मी झोपेचं इंजेक्शन देईन. काय करू?"

"उघडा."

"शेवटचं कधी जेवला? किती?"

मावशींनी सांगितलं. दुपारी, वाडगा भरून, वर माझ्या ताटातलं. एकदाच जेवतो, माझ्याबरोबर.

"रोज एकदाच?"

"हो. माझा नेम आहे."

डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला. "सही करा आणि बाहेर बसा," एवढंच म्हणाल्या.

बाहेर भिंतीला लागून बाकं होती. एका बाकावर एक मिशीवाले गृहस्थ मांडीवर झाकणाची टोपली घेऊन बसले होते. टोपलीतून अधूनमधून नाराजीचा सूर येत होता.

"दोरा गिळला," न विचारताच त्यांनी सांगितलं. "सुई नाही, नशीब. आमची ही शिवत होती. मला म्हणे, मांजरावर लक्ष ठेवा, तुम्हाला दुसरं काय काम आहे! आता लक्ष होतंच माझं. पेपरच्या आडून होतं." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हो, हो. जिवंत आहे. मी? मीसुद्धा आहे, धन्यवाद." त्यांनी फोन खिशात टाकला. "तुमचं काय?"

"कुत्रा. पोट फिरलंय."

"अरेरे. नाव काय?"

"भाऊसाहेब."

"वा! म्हणजे घरात वचक असेल."

"आहे थोडा," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं.

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

"मग तर सुखी. आमच्याकडे सात माणसं, आणि हा दोरा कोणी उचलला नाही."

मावशी बोलायला लागल्या. भाऊसाहेब झोपताना नाक माझ्या खाटेखाली घालतात. मी माळ ओढत असले की दारात बसतात, आत येत नाहीत. कोणी शिकवलं नाही. आंधळ्या माणसाने काठी टेकावी तसं रस्ता ओलांडताना माझ्या गुडघ्याला अंग टेकवून चालतात. सगळं खरं होतं, पण त्या वर्षानुवर्षांचं असल्यासारखं सांगत होत्या, आणि गृहस्थ वर्षानुवर्षांचं असल्यासारखं ऐकत होते. आपल्या माणसाबद्दल तक्रारीच्या सुरात लाडाने बोलायचं, हे बायका नवऱ्याबद्दल, मुलांबद्दल करतात. मावशींनी ते एक्स्चेंजच्या डबा खायच्या खोलीत वर्षानुवर्षं ऐकलं होतं. स्वतः बोलायची वेळ आज आली होती. पुढे गृहस्थांना आत बोलावलं आणि बाक रिकामं झालं.

मावशींनी पिशवीतून माळ काढली. देवा, त्याला वाचव. देवा, त्याला वाचव. मणी पुढे सरकत होते. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की या मागण्याच्या पाठोपाठ दुसरं एक मागणं, बोलावल्याशिवाय, आत शिरलं होतं: विमानाला उशीर होऊ दे. फोन इतक्यात लागू नये. अजून थोडा वेळ.

त्यांनी माळ थांबवली. असल्या मनाने नाव घेऊ नये.

मग त्या नुसत्याच बसल्या आणि त्यांना आपला नेम आठवला. आई गेली त्या वर्षीचा. आईचं आजारपण काढताना दोन्ही वेळा दोन ताटं वाढायची सवय होती. ती गेल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यांनी एक ताट मांडलं, त्यासमोर बसल्या, आणि उठून ताट तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी चूलच पेटवली नाही आणि देवाला सांगितलं की आजपासून एकभुक्त. देवाने काही मागितलं नव्हतं. एकटीने पानावर बसायची पाळी दिवसातून एकदा तरी टळावी, एवढाच त्या नेमाचा उगम. इतकी वर्षं लोक त्याला भक्ती म्हणत आले आणि त्यांनी म्हणू दिलं. आज तोच नेम त्यांनी एका मुक्या जिवाच्या गळ्यात बांधला होता.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई मुखपट्टी लावलेल्या, हातमोजे घातलेले हात छातीशी वर धरून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"काकू, पोट सरळ केलंय, ते बरं दिसतंय. पण शेजारची प्लीहा काळी पडलीय. ती काढावी लागेल. रक्त जाईल, जोखीम वाढेल. पुढे जाऊ की इथेच थांबू? तुम्ही म्हणाल तसं. इथे थांबायचं म्हटलं तर त्याला जाग येणार नाही, एवढं बघेन."

मावशी उभ्या राहिल्या.

"तो माझा नाही हो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शेजाऱ्यांचा आहे. मी खोटं सांगितलं. ते विमानात आहेत, फोन लागत नाही. मी फक्त सांभाळत होते."

डॉक्टरीणबाईंचे डोळे मुखपट्टीच्या वर बारीक झाले. हे आधी सांगायचं असतं, असं काहीतरी त्या बोलणार होत्या, पण आतून कोणीतरी हाक मारली.

"हे बघा, मला दोन मिनिटंही नाहीत. आत्ता या जागेवर त्याचं म्हणून कोण आहे?"

मावशींनी मागे पाहिलं. बाकं रिकामी होती.

"मीच."

"मग बोला."

"काढा. पुढे जा. त्यांना मी सांगेन काय ते."

दार मिटलं. मावशी पुन्हा फोन लावत बसल्या. आता त्या खरोखर लागावा म्हणून लावत होत्या.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टरीणबाई मुखपट्टी काढून बाहेर आल्या. चेहऱ्यावर पट्टीचे वळ उठले होते. "निभावलं. आजची आणि उद्याची रात्र जपायची. या, बघून घ्या."

भाऊसाहेब ब्लँकेटवर आडवे पडले होते. पोट भादरलेलं, मधोमध लांबच लांब शिवण, पायात नळी, जीभ बाजूला लोंबलेली. हेडमास्तरांचा सगळा रुबाब उतरला होता. मावशींनी कानामागे बोट ठेवलं. तिथे ऊब होती.

"पोट आतून बरगडीकडच्या भिंतीला शिवून टाकलंय, परत फिरू नये म्हणून," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "टाके निघेपर्यंत उडी नाही, जोराने ओढणं नाही, आनंदाने नाचणं तर मुळीच नाही. टाका तुटला तर पहिल्यापासून सगळं. आणि खाणं थोडं थोडं, चार-पाच वेळा."

"माझ्यामुळे झालं का?"

डॉक्टरीणबाई हात पुसत राहिल्या. "एका कारणाने होत नाही हे. छाती खोल असलेल्या कुत्र्यांना होतं, म्हातारपणी होतं, काहींना उगाचच होतं."

"मी विचारलं त्याचं सांगा ना."

"दिवसातून एकदाच भरपेट, आणि त्यावर धावणं, हेही एक कारण असतं. मोठं." मग थोडं थांबून, "आणि वेळेवर आणलं हेही तुम्हीच केलंत, काकू."

मावशींनी पहिलं वाक्य ठेवून घेतलं. दुसरं त्यांना नको होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पोरीचा आवाज विमानतळाच्या गलक्यातून येत होता. "मावशी! अगं बाई, इतके मिस्ड कॉल? सगळं ठीक ना?"

मावशींनी सांगायला सुरुवात केली. पोट फिरलं, ऑपरेशन झालं, आता बरा आहे. पलीकडे हुंदका फुटला. "मावशी, तुम्ही होतात म्हणून! दुसरं कोणी असतं तर…"

इथे थांबता आलं असतं. पोरीने स्वतःच दार लावून घेतलं होतं, फक्त कडी घालायची बाकी होती.

"पोरी, ऐक. मी त्याला तीनदा देत नव्हते. एकदाच देत होते, सगळं एकत्र. माझ्याबरोबर बसायचा जेवायला. डॉक्टर म्हणाल्या, त्यानेही झालं असेल."

गलका तसाच चालू होता; पोरीचा आवाज मात्र बदलला.

"मी सांगितलं होतं ना मावशी. थोडं थोडं म्हणून."

"सांगितलं होतंस."

"मग?"

मावशींकडे त्या 'मग'ला उत्तर होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. पलीकडे कुजबूज झाली आणि जावईबापूंचा आवाज आला, अगदी नीट, इस्त्री केलेला. "आम्ही इथून थेट दवाखान्यातच येतो. तुम्ही आता घरी जा, दमला असाल. थँक यू."

ती दोघं आली तेव्हा मावशी दवाखान्याच्या दाराशी उभ्याच होत्या. पोरीने त्यांचा हात घट्ट दाबला, डोळ्यांत पाणी आणलं आणि आत पळाली. मावशींनी भाऊसाहेबांचा पट्टा पिशवीतून काढून जावईबापूंच्या हातात दिला. त्यांनी टॅक्सी मागवून दिली. दार उघडून धरलं, सावकाश बंदही केलं.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब घरी आले. पोरगी एकदा खाली आली, फळं घेऊन. मावशींच्या खाटेवर बसली, इकडचं तिकडचं बोलली. "मनाला लावून घेऊ नका हं. तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत." मग नखाने चादरीचा दोरा ओढत म्हणाली, "ते म्हणत होते, आमची किल्ली असते ना तुमच्याकडे… ती जरा लागेल. दुपारसाठी एक बाई ठेवलीय. शिकलेली आहे, कुत्री सांभाळायचंच काम करते."

"घे ना. तिथे खिळ्यालाच आहे." मावशींनी उठून स्वतःच काढून दिली. "कडी जरा वर उचलून किल्ली फिरवायला सांग तिला. नाहीतर अडकते."

"हो."

पोरगी दारापर्यंत गेली, थबकली, आणि मग जिना चढून गेली.

त्याच संध्याकाळी जिन्यावर नखांचा आवाज आला. टक, टक, थांबत थांबत. मावशींनी काही विचार करायच्या आत दार उघडलं. भाऊसाहेबांनी त्यांना पाहिलं आणि सगळे नियम गुंडाळून, मागच्या पायांवर उभे राहून पुढचे दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यावर टाकले. जावईबापू ओरडले, "अरे! अरे! टाके!" खाली घेतलं तेव्हा शिवणीच्या खालच्या टोकाला रक्ताचा एक थेंब आला होता. जावईबापूंनी पट्टा आखूड धरला आणि भाऊसाहेबांना जवळजवळ उचलून वर नेलं. पायऱ्या संपेपर्यंत भाऊसाहेबांची मान मागे वळलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून मावशी भाऊसाहेबांच्या फिरायच्या वेळेला दार लावून घेऊ लागल्या. आधी उघडं असायचं, वारा यायचा. आता कडी. आवाज नको म्हणून नळ बंद, रेडिओ बंद. वास नको म्हणून स्वयंपाक त्याआधीच उरकून, भांडी घासून, खिडक्या उघडून ठेवलेल्या. खोलीत कोणी नाही असं त्यांना वाटलं पाहिजे. तसं वाटलं तरच ते सावकाश चढतील. माळही त्या अशा वेळी हातात घेत नसत, मणी वाजतात.

आजही नखं वाजत आली. पुढच्या पायऱ्या, वळण, मग दारापुढची सपाट जागा. मावशी दाराच्या आत जमिनीवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला लावून.

नखं थांबली.

दाराखालच्या फटीतून हुंगण्याचा आवाज आला. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, मग मधे. फटीतला उजेड हलला. श्वासाचा एक ऊन झोत मावशींच्या पावलांवर आला.

"चला, भाऊसाहेब," बाहेर पोरीचा आवाज. "मावशी नाहीयेत घरात."

भाऊसाहेब हलले नाहीत. एक बारीक, सांगता न येण्याजोगा आवाज त्यांच्या घशातून निघाला, भांड्यात पाणी उकळायच्या आधी होतो तसा. मावशींनी दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले.

"चला ना, राजा. टाके ओले आहेत अजून. हळू."

पट्ट्याची साखळी किणकिणली. थोड्या वेळाने नखं पुन्हा वाजू लागली, वरच्या जिन्यावर, एकेका पायरीवर थांबत. मावशी प्रत्येक पायरीला कान देऊन होत्या. कुठे घसरलं नाही, कुठे उडी पडली नाही. वर दार उघडलं आणि लागलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतले.